‘बॉनी अँड क्लाइड’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट नेमका कोणता, आणि त्याच्याबद्दल अजूनही का बोलले जाते?

आर्थर पेन यांनी दिग्दर्शित केलेला ‘बॉनी अँड क्लाइड’ हा अमेरिकन चित्रपट ऑगस्ट १९६७ मध्ये प्रदर्शित झाला. महामंदीच्या काळात टेक्सास आणि आसपासच्या राज्यांत दुकाने, पेट्रोल पंप आणि बँका लुटत हिंडलेल्या बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो या खऱ्या जोडीवर तो बेतलेला आहे. क्लाइडची भूमिका वॉरन बेट्टी यांनी केली आणि चित्रपटाची निर्मितीही त्यांचीच होती. बॉनीच्या भूमिकेत फे डनअवे होत्या, ज्यांना तोवर फारसे कोणी ओळखत नव्हते. लांबी दोन तासांच्या आत आणि खर्च सुमारे २५ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबाने बेताचाच.

त्याची मोहिनी कशात आहे असे विचारले की देखणे चेहरे, जुन्या मोटारी, तिरकी टोपी आणि हातातले पिस्तूल एवढ्यावर उत्तर भागवले जाते. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही, कारण देखण्या चेहऱ्यांचे चित्रपट पैशाला पासरी निघाले आणि विसरले गेले. हा चित्रपट प्रेक्षकाला आधी मनसोक्त हसवतो आणि मग त्या हसण्याचा जाब विचारतो. शिवाय ही दोघे एकमेकांवर जितके प्रेम करतात तितकेच स्वतःच्या छबीवर करतात, हे त्याने पुरते ओळखलेले आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागा याच दोन गोष्टींपाशी येऊन पोहोचतो.

खरे बॉनी आणि क्लाइड कोण होते?

क्लाइड बॅरोचा जन्म १९०९ चा आणि बॉनी पार्करचा १९१० चा. दोघेही टेक्सासमधल्या गरीब घरांतले. जानेवारी १९३० मध्ये डॅलस शहराच्या पश्चिम भागात त्यांची भेट झाली. बॉनीचे लग्न सोळावे वर्ष पूर्ण होण्याआधीच रॉय थॉर्नटन नावाच्या मुलाशी झाले होते. तो नवरा लवकरच दुरावला, परंतु घटस्फोट कधी झाला नाही आणि मरतेवेळीही तिच्या बोटात त्याचीच अंगठी होती. भेटीनंतर थोड्याच दिवसांत क्लाइड पकडला गेला आणि त्याची रवानगी ईस्टहॅम येथील तुरुंगाच्या शेतावर झाली. तिथली मजुरी आणि मारहाण इतकी जीवघेणी होती की कामातून सुटका व्हावी म्हणून त्याने पायाची दोन बोटे कुऱ्हाडीने तोडून घेतली. दैवदुर्विलास असा, की त्यानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारी १९३२ मध्ये, त्याची सुटका झाली. तुरुंगातून बाहेर आलेला क्लाइड आत गेलेल्या क्लाइडहून वेगळा होता, असे त्याच्या जवळच्या माणसांनी सांगून ठेवले आहे.

पुढची दोन वर्षे म्हणजे सतत पळापळ होती. त्यांची लूट बहुधा किराणा दुकानांतली आणि पेट्रोल पंपांवरची, म्हणजे फुटकळ रकमांची असे आणि बँकांचे दरोडे त्या मानाने थोडे होते. या टोळीच्या नावावर एकूण १३ खून मांडले जातात आणि मेलेल्यांत बहुसंख्य पोलीस होते. एप्रिल १९३३ मध्ये मिसूरीतल्या जॉप्लिन येथे पोलिसांशी चकमक झाली. टोळी निसटली, पण सामान मागेच राहिले आणि त्या सामानात न धुतलेल्या फिल्मचे रोल होते. तोंडात चिरूट, हातात पिस्तूल आणि मोटारीच्या पुढच्या भागावर पाय टेकवून उभी असलेली बॉनी देशभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचली ती त्या रोलमधून. तो चिरूट तिने केवळ फोटोपुरता गमतीने तोंडात धरला होता, परंतु चिरूट ओढणारी दरोडेखोर बाई ही तिची ओळख त्या दिवसापासून कायमची झाली.

जून १९३३ मध्ये टेक्सासमधल्या वेलिंग्टन गावाजवळ त्यांची मोटार दरीवजा खळग्यात कोसळली आणि बॅटरीतले आम्ल सांडून बॉनीचा पाय हाडापर्यंत भाजला. त्यानंतर ती नीट चालू शकली नाही. पुष्कळदा क्लाइड तिला उचलून नेत असे. २३ मे १९३४ रोजी लुइझियानातल्या गिब्सलँड गावाजवळच्या रस्त्यावर सहा सशस्त्र अधिकारी दबा धरून बसले आणि त्यांनी सुमारे १३० गोळ्या झाडून दोघांना मोटारीतच ठार केले. शेजारी शेजारी पुरले जावे अशी दोघांची इच्छा होती असे सांगतात. प्रत्यक्षात डॅलसमध्ये दोघांच्या कबरी वेगवेगळ्या दफनभूमींत आहेत.

चित्रपटाने यात काय बदलले?

पुष्कळ. बॉनीचा नवरा आणि तिचा भाजलेला पाय चित्रपटात नाही. टोळीतली दोन वेगळी पोरे, डब्ल्यू. डी. जोन्स आणि हेन्री मेथविन, एकत्र करून सी. डब्ल्यू. मॉस हे एकच पात्र घडवले आहे. शेवटच्या प्रसंगात क्लाइड मोटारीतून उतरलेला दिसतो, प्रत्यक्षात त्याला उतरायला सवडच मिळाली नाही.

सर्वांत मोठा, आणि या लेखकाच्या मते खरोखर अन्यायाचा, बदल फ्रँक हॅमर यांच्या बाबतीतला आहे. टेक्सास रेंजर, म्हणजे त्या राज्याच्या पोलीस दलातले अधिकारी, म्हणून नाव कमावलेले हॅमर यांना या जोडीच्या मागावर खास नेमण्यात आले होते आणि गिब्सलँडच्या सापळ्याआधी त्यांची या दोघांशी कधी समोरासमोर गाठ पडलेली नव्हती. चित्रपटात मात्र टोळी त्यांना पकडते, हातात बेड्या घालून बॉनीबरोबर त्यांचा फोटो काढते, बॉनी त्यांचे चुंबन घेते, ते तिच्या तोंडावर थुंकतात आणि मग त्यांना एका होडीत घालून पाण्यावर सोडून दिले जाते. परिणामी शेवटचा सापळा हा कायद्याचा अंमल न वाटता अपमानाचा सूड वाटतो. हॅमर यांच्या पत्नीने निर्मात्यांवर दावा लावला आणि १९७१ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. क्लाइडची भावजय ब्लँश त्या वेळी हयात होती आणि पडद्यावर आपली जी किंचाळणारी बाई करून टाकली ती पाहून तिचाही संताप झाला होता.

कथाकाराला इतिहासाची मोडतोड करण्याची मुभा असते हे मान्य केले, तरी नावे खरी ठेवायची आणि माणसे मात्र आपल्या सोयीने वाकवायची, हा व्यवहार निर्मळ म्हणता येत नाही. चित्रपट आवडतो म्हणून एवढे डोळ्याआड करू नये.

फरार प्रेमिकांची गोष्ट तर आधीही सांगितली गेली होती. मग यात नवे काय?

गोष्ट जुनीच होती. फ्रिट्झ लांग यांनी १९३७ मध्ये आणि निकोलस रे यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस अशा जोडप्यांवर चित्रपट केले होते आणि १९५० चा ‘गन क्रेझी’ तर आजही अभ्यासला जातो. परंतु त्या चित्रपटांत प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असे की आपण शोकांतिका पाहत आहोत. काळोख, पाऊस आणि अपराधाचे ओझे पडद्यावर आधीच हजर असे. पेन यांच्या चित्रपटात भर उन्हातले माळरान आहे, बँजोचे धावते सूर आहेत आणि पाठलाग एखाद्या मूकपटातल्या धावपळीसारखे रंगवले आहेत.

याचे मूळ पटकथेत आहे. डेव्हिड न्यूमन आणि रॉबर्ट बेंटन हे ‘एस्क्वायर’ मासिकात काम करणारे दोन तरुण फ्रेंच नवप्रवाहाच्या चित्रपटांनी भारावलेले होते. बेंटन स्वतः टेक्सासचे, वॉक्सहॅची गावात वाढलेले, त्यामुळे या जोडीच्या आख्यायिका त्यांच्या लहानपणीच कानांवर पडलेल्या होत्या. ही पटकथा त्यांनी आधी त्याच प्रवाहातले दिग्दर्शक त्रुफो यांना दिली, मध्यंतरी दुसरे तसेच दिग्दर्शक गोदार यांच्याशीही बोलणे झाले, आणि दोन्हीकडून जमले नाही तेव्हा ती बेट्टी यांच्या हाती आली. अमेरिकेतली गोष्ट, फ्रेंच वळणाची मांडणी आणि पुन्हा अमेरिकन दिग्दर्शक, असा हा उलटसुलट प्रवास आहे.

‘हसवून मग जाब विचारतो’ म्हणजे नेमके काय?

यासाठी एकच प्रसंग जवळून पाहिला तरी पुरे. टोळी एका बँकेत शिरते आणि मोटार चालवणारा सी. डब्ल्यू. बाहेर थांबतो. दरोडा चालू असताना गाडी सुरू ठेवून दारात उभे राहायचे एवढे साधे काम, पण समोर दोन मोटारींच्या मध्ये मोकळी जागा दिसताच हा भोळा पोरगा शहाण्या नागरिकासारखा तिथे गाडी व्यवस्थित लावून टाकतो. दोघे पैशांच्या पिशव्या घेऊन धावत बाहेर येतात तर गाडी जागेवर नाही, आणि सापडते तेव्हा ती दोन गाड्यांच्या मध्ये अडकलेली. पुढे ठोकर, मागे ठोकर, हॉर्नचा गोंगाट. या क्षणापर्यंत प्रेक्षागृह खो खो हसत असते.

तेवढ्यात बँकेतला एक वयस्क कर्मचारी धावत येऊन मोटारीच्या पायरीवर चढतो आणि खिडकीच्या काचेला चेहरा टेकतो. क्लाइड गोळी झाडतो. काच तडकते, चेहरा रक्ताने भरतो. बंदूक उडणे एका दृश्यात आणि माणूस पडणे दुसऱ्या दृश्यात, अशी हॉलिवूडची अनेक वर्षांची रीत होती. दोन्हींच्या मध्ये एक सभ्य फट असे. पेन यांनी ठिकठिकाणी ती फट बुजवली. गोळी सुटली की ती लागलेली पाहावीच लागते.

हसणे घशातच अडकते, आणि अडकल्यावर लक्षात येते की हा माणूस आपल्याच विनोदामुळे मेला. गाडी वेळेवर निघाली असती तर तो पायरीवर चढू शकला नसता, आणि ती निघाली नाही याचीच तर आपल्याला मजा वाटत होती.

यानंतर तिघे लपण्यासाठी एका चित्रपटगृहात शिरतात. पडद्यावर १९३३ ची एक संगीतिका चालू आहे आणि पैसाच पैसा झाल्याच्या आनंदात नर्तकी गात आहेत. क्लाइड घामाघूम होऊन सी. डब्ल्यू.ला शिव्या घालतो आहे आणि बॉनी मात्र त्या गाण्यात तल्लीन झालेली आहे, मध्ये बोलू नका म्हणून दोघांना गप्प करते आहे. नुकताच एक माणूस मेला आहे. बॉनीचा हा भाग पहिल्यांदा पाहताना नजरेतून निसटतो. दुसऱ्यांदा पाहिला की अंगावर शहारा येतो.

ही प्रेमकथा म्हणून कितपत खरी वाटते?

सुरुवातीचे दृश्य आठवावे. बॉनी खोलीत एकटी आहे, उकाडा आहे, ती आरशात स्वतःचे ओठ पाहते, पलंगाच्या दांड्यांवर वैतागाने मूठ आपटते आणि खिडकीतून खाली पाहते तर एक तरुण तिच्या आईची मोटार चोरण्याच्या बेतात आहे. ती त्याच्या प्रेमात पडते असे म्हणण्यापेक्षा त्या खोलीतून बाहेर पडण्याच्या वाटेवर जो पहिला माणूस उभा होता त्याच्याबरोबर ती निघते, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. क्लाइडही तिला स्पष्ट सांगतो की आपण प्रणयाच्या बाबतीत कुचकामी आहोत. मुळच्या पटकथेत क्लाइडच्या लैंगिकतेचा वेगळा, तिघांमध्ये गुंतलेला पदर होता. तो काढून त्या जागी ही असमर्थता आणण्यात आली. नायकाच्या भूमिकेतल्या इतक्या देखण्या नटाने हे दुबळेपण स्वीकारावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या असमर्थतेचा शेवट कुठे होतो हे पाहण्यासारखे आहे. बॉनी आपल्या दोघांवर एक कविता लिहिते. खऱ्या बॉनीनेही अशी कविता लिहिली होती आणि ती वर्तमानपत्रांत छापली गेली. चित्रपटात क्लाइड ती छापील स्वरूपात वाचतो आणि त्याचा चेहरा उजळतो: तिने त्याची गोष्ट सांगितली, तो कोणीतरी झाला, लोक आता त्याला विसरणार नाहीत. त्यानंतर, आणि त्यानंतरच, त्या माळावर दोघे खऱ्या अर्थाने एकत्र येतात आणि वर्तमानपत्राची पाने वाऱ्यावर उडून जातात. पिस्तूल, पळापळ, एकमेकांचा सहवास यांपैकी कशानेही जे साधले नाही ते छापून आलेल्या नावाने साधले. चित्रपटाची सुरुवातही जुन्या छायाचित्रांनी आणि कॅमेऱ्याच्या कळीच्या खटक्यांनी होते, टोळी येता जाता स्वतःचे फोटो काढत राहते, आणि शत्रूला शिक्षा द्यायची तर तीही त्याचा फोटो काढून दिली जाते. ज्या काळात प्रत्येक हातात कॅमेरा आलेला आहे त्या काळातल्या प्रेक्षकाला ही हौस समजावून सांगावी लागत नाही.

तरीही दोघांमध्ये एक दरी राहतेच, आणि चित्रपटाचा प्रामाणिकपणा या लेखकाला तिथे सर्वांत जास्त जाणवतो. मरणाच्या थोडे आधी अंथरुणात पडल्या पडल्या बॉनी विचारते की समजा उद्या सकाळी आपल्यावर एकही गुन्हा नसेल, कोणी मागे लागलेले नसेल, तर तू काय करशील. क्लाइड मनापासून विचार करतो आणि उत्तर देतो की तसे झाले तर आपण एका राज्यात राहू आणि दरोडे दुसऱ्या राज्यात घालू. बॉनीने विचारले होते काय आणि याने उत्तर दिले काय! ती काही बोलत नाही. डनअवे यांनी तो क्षण केवळ डोळ्यांनी पेलला आहे.

बॉनीच्या आईचा प्रसंग धूसर का दिसतो?

चित्रपटात हास्यप्रसंगाच्या पोटातून मरण डोकावते ते आणखी एका ठिकाणी. टोळी एका जोडप्याला मोटारीसकट पळवते, सगळे मिळून खातात, हसतात, गप्पा रंगतात. मग त्या पाहुण्याला त्याचा धंदा विचारला जातो आणि तो सांगतो की आपण प्रेतांच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहतो. बॉनीचा चेहरा पडतो आणि ती त्या दोघांना तत्काळ गाडीतून उतरवायला लावते. जीन वाइल्डर यांचे हे पडद्यावरचे पदार्पण. यानंतर बॉनीला आईची ओढ लागते. पटकथेवर शेवटचा हात फिरवणाऱ्या रॉबर्ट टाउन यांनी या दोन प्रसंगांचा क्रम असा लावला, आणि त्या क्रमामुळेच आईची भेट ही निरोपाची भेट होऊन बसली.

त्या भेटीचे चित्रीकरण मुद्दाम विरळ धुक्यातून पाहिल्यासारखे केले आहे, कारण तो प्रसंग घडत असतानाच आठवण झालेला आहे. आईच्या भूमिकेत व्यावसायिक अभिनेत्री नसून तिथलीच एक बाई आहे. क्लाइड गोड बोलून सांगतो की पुढेमागे आम्ही तुमच्याजवळच घर करू. त्यावर ती म्हातारी अगदी थंडपणे बजावते की माझ्याजवळ राहायला आलात तर तुम्ही जगणार नाही, तेव्हा पळत राहा. संपूर्ण चित्रपटात या दोघांशी खरे बोलणारे माणूस हे एकच.

शेवटचा प्रसंग इतका गाजला तो कशामुळे?

प्रत्यक्ष गोळीबार अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा आहे. त्याआधीची शांतता मात्र कोणाला घाई नसल्यासारखी ताणलेली आहे. क्लाइडच्या काळ्या चष्म्याची एक काच निखळलेली आहे, बॉनीच्या हातात एक नाशपाती आहे, सी. डब्ल्यू.चा बाप रस्त्याच्या कडेला ट्रकचे चाक दुरुस्त करण्याचे सोंग करतो आहे. झुडपातून पाखरांचा थवा अचानक उडतो. बाप ट्रकखाली अंग झोकून देतो. क्लाइड आणि बॉनी एकमेकांकडे पाहतात, आणि त्या क्षणभराच्या नजरानजरेत दोघांनाही सगळे कळून चुकलेले असते.

पेन यांनी चार कॅमेरे वेगवेगळ्या वेगांनी चालवले आणि संकलक डीडी ॲलन यांनी त्या तुकड्यांची अशी वीण घातली की कुठे शरीर संथपणे कोसळते आणि कुठे झटक्यासरशी थडथडते. मंदगतीचा हा वापर पेन यांनी जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांच्याकडून घेतला होता. डनअवे यांचा पाय मोटारीच्या गिअरच्या दांड्याला बांधला होता, म्हणून बॉनीचे शरीर दारातून अर्धे बाहेर लोंबते पण जमिनीवर पडत नाही. क्लाइडच्या डोक्याचा एक तुकडा उडताना दिसतो, तो केनेडी यांच्या हत्येची आठवण जागी करण्यासाठी मुद्दाम ठेवला असल्याचे पेन यांनी सांगितले होते. ती हत्या चित्रपटाच्या जेमतेम चार वर्षे आधीची.

मग सारे थांबते. गोळ्या झाडणारी माणसे झुडपातून सावकाश बाहेर येतात, कॅमेरा भोके पडलेल्या काचेपलीकडून त्यांच्याकडे पाहतो, कोणी एक शब्दही बोलत नाही आणि चित्रपट संपतो. अंत्ययात्रा नाही, भाष्य नाही, समारोपाचे सूर नाहीत. अन्य कोणी हा चित्रपट केला असता तर इथे एखादे व्हायोलिन नक्की वाजले असते.

समीक्षकांनी आधी झोडपले आणि नंतर डोक्यावर घेतले, हे खरे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वजनदार समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी चित्रपटावर कडाडून हल्ला चढवला आणि एकदा लिहून त्यांचे समाधान झाले नाही, ते पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. काही महिन्यांतच त्यांचे ते पद गेले आणि या चित्रपटाला त्याचे थोडेफार श्रेय नेहमी दिले जाते. ‘न्यूजवीक’चे जो मॉर्गनस्टर्न यांनी आधी निंदा केली, मग सामान्य प्रेक्षकांबरोबर तो पुन्हा पाहिला आणि पुढच्याच अंकात आपली चूक झाल्याचे छापून कबूल केले. असे धाडस करणारे समीक्षक विरळाच. पॉलिन केल यांचा ‘न्यूयॉर्कर’मधला प्रदीर्घ लेख ऑक्टोबरमध्ये आला आणि शिकागोत नवखे असलेले रॉजर ईबर्ट तर पहिल्यापासूनच बाजूने होते. ‘टाइम’ने आधी हेटाळणी केली होती, तरी डिसेंबरमध्ये त्याच्याच मुखपृष्ठावर हे दोघे झळकले.

वॉर्नर ब्रदर्स या वितरक कंपनीचा मात्र या चित्रपटावर विश्वास नव्हता. पहिल्या फेरीत तो नीट लावलाच गेला नाही. बेट्टी यांनी पिच्छा पुरवल्यावर १९६८ च्या सुरुवातीला तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि तेव्हा कुठे गर्दी लोटली. ऑस्करसाठी दहा नामांकने मिळाली, प्रत्यक्ष पुरस्कार दोन: ब्लँश झालेल्या एस्टेल पार्सन्स यांना साहाय्यक अभिनेत्रीचा आणि बर्नेट गफी यांना छायाचित्रणाचा. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

हा चित्रपट गुन्हेगारांचे उदात्तीकरण करतो, या आक्षेपात तथ्य आहे का?

थोडे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. बँकेने घर जप्त केलेल्या शेतकऱ्याचा प्रसंग घ्या. क्लाइड त्याच्या हाती पिस्तूल देतो आणि शेतकरी बँकेच्या पाटीवर गोळ्या झाडून मनातली आग विझवतो. हा प्रसंग क्लाइडला गरिबांच्या कैवाऱ्याच्या जवळ नेऊन ठेवतो, आणि खरा क्लाइड तसा नव्हता. त्याने लुटलेले किराणा दुकानदार काही धनदांडगे नव्हते. १९६७ च्या उन्हाळ्यात व्हिएतनामचे युद्ध पेटलेले होते, नेवार्क आणि डेट्रॉइट शहरांत दंगली उसळल्या होत्या, आणि सत्तेवरचा विश्वास उडालेल्या तरुण प्रेक्षकांना या जोडीत आपलीच बंडखोरी दिसली असल्यास नवल नाही.

परंतु त्याच चित्रपटात क्लाइड आपल्या पहिल्या बँकेत शिरतो तेव्हा ती बँक तीन आठवड्यांपूर्वीच बुडालेली निघते आणि कर्मचाऱ्याला बाहेर ओढत आणून ही गोष्ट बॉनीला सांगायला लावण्याची पाळी त्याच्यावर येते. किराणा दुकानात खाटकाने सुरा उगारला तेव्हा तो हादरून विचारतो की मी तर त्याला काही केले नव्हते, मग तो मला मारायला का आला. हातात पिस्तूल घेऊन दुकानात शिरलेल्या माणसाला खरोखर हा प्रश्न पडतो! ज्याचे उदात्तीकरण करायचे त्याच्या तोंडी असली वाक्ये कोणी घालत नाही.

संगीत आणि कपडे यांविषयी एवढी चर्चा का होते?

पाठलागांवर वाजणारा बँजो हा लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज यांच्या १९४९ च्या ध्वनिमुद्रणातला आहे, म्हणजे कथेच्या काळाहून तो पंधरा वर्षांनी नवा. चूक असूनही तो इतका चपखल बसला की पुढे ग्रामीण अमेरिकेतला कोणताही पाठलाग बँजोशिवाय ओका वाटू लागला. थिओडोरा व्हॅन रंकल यांचा वेशभूषाकार म्हणून हा पहिला चित्रपट. बॉनीची बेरे टोपी आणि गुडघ्याखाली येणारे स्कर्ट अमेरिका आणि युरोपच्या दुकानांत पोहोचले. स्वतःच्या छबीवर प्रेम करणाऱ्या माणसांचा चित्रपट फॅशनची छबी बनून राहिला, यात एक खट्याळ न्याय आहे.

आज पाहताना तो जुना वाटतो का?

काही ठिकाणी वाटतो. ब्लँशचे सतत किंचाळणे आता पूर्वीइतके हसू आणत नाही. मोटारीत बसलेल्या नटांमागे पळणारी पडद्यावरची दृश्ये बनावट आहेत हे लगेच कळते. पोलीस बहुतेक वेळा चेहरा नसलेले राहतात. याउलट क्लाइडच्या भावाचे काम करणारे जीन हॅकमन यांचा अभिनय तसूभरही शिळा झालेला नाही. एकच विनोद पुन्हा पुन्हा सांगून स्वतःच मोठ्याने हसणारा तो भाऊ प्रत्येक कुटुंबात कुठे ना कुठे भेटतो.

पहिल्यांदा पाहताना काही विशेष काळजी घ्यावी का?

आवाज कमी करू नये. बेट्टी यांना बंदुकीचा आवाज दचकवणारा हवा होता आणि त्यासाठी त्यांनी ‘शेन’ हा १९५३ चा चित्रपट नमुना म्हणून समोर ठेवला होता. त्यांनीच सांगितलेली हकीकत अशी, की लंडनमधल्या खेळाला बसले असताना गोळ्यांचे आवाज मिळमिळीत ऐकू आले म्हणून ते तडक प्रक्षेपण कक्षात गेले. तिथल्या माणसाने मोठ्या अभिमानाने त्यांना एक तक्ता दाखवला: कुठे आवाज चढवायचा, कुठे उतरवायचा, सगळे त्याने टिपून ठेवले होते. इतके वाईट ध्वनिमिश्रण आपण ‘शेन’नंतर पहिल्यांदाच पाहिले, अशी त्याची तक्रार होती.